ओसरीचा पासवर्ड

मुलगा आपल्याकडे बघतोय हे पाठ फिरवून बसलेल्या मुलीलाही कळतं म्हणतात. मी तर तोंड समोर करूनच बसले होते.

ऑक्टोबर महिना होता. निरोप घेऊन गेलेला पाऊस काहीतरी विसरल्यासारखा परत आला होता आणि दारव्ह्यात कुणालाच तो नको होता. शेतांत सोयाबीन कापणीला आलेलं, व्यापारी पोत्यांवर ताडपत्र्या ओढत बसलेले. माझ्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. लग्नपत्रिका आणि फोटोंचे अल्बम तयार करायचं माझं छोटंसं दुकान, घराच्याच पुढच्या खोलीत. एका पत्रिकेत 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ कुठे बसवावी या विचारात मी होते, आणि समोर उकंडाकाकांच्या हाटेलाच्या टिनाखाली एक चष्मेवाला उभा राहून सरळ माझ्याकडे बघत होता.

एकदा बघितलं, म्हटलं चुकून असेल. पुन्हा बघितलं तेव्हा मी केस कानामागे घेतले. मग खुर्चीतून उठून उगाच कपाटातल्या फायली नीट लावायला लागले, कारण माझी उंची बरी आहे आणि ती बसून दिसत नाही. मी उठले तसा तो बेचैन झाला. मान इकडे केली, तिकडे केली, टाचा उंचावल्या. मनात म्हटलं, गेला बिचारा कामातून.

आणि तो खरंच रस्ता ओलांडून आला. काळ्या मातीने जड झालेले बूट, चष्म्यावर थेंब, मोबाइल छातीशी धरलेला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"मॅडम..."

"काय?" मी जमेल तितक्या थंडपणे विचारलं.

"थोडं... बाजूले सरकता काय?"

"म्हणजे?"

"तुमच्या मांगं तो डब्बा हाय ना, राउटर. तुमी उभ्या राह्यल्या का माह्या रेंजची एक डंडी कमी होते."

माझे कान तापले. मला शरम वाटली की तिचा लगेच राग होतो, हा माझा जन्मजात गुण आहे.

"आमच्या वायफायवर तुमचं काय काम? पासवर्ड कोणं देला तुमाले?"

"काकूनं देला, तुमच्या आईनं." त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "पण लवकर नाई देला. मी विचारलं, काकू, पासवर्ड काय हाय? त्या म्हणे, काहून. मी म्हणलं, फोटो पाठवाचे हायेत, सरकारी काम हाय. त्या म्हणे, अरे बाबू, काहून. मी म्हणलं, सोयाबीन सडून राह्यलं काकू, आज पंचनामा चढवला नाई तं लोकाईचं नुकसान होईन. तवा त्या म्हणे, मी तुले नाई थोडी म्हणून राह्यली, पासवर्डच काहून हाय."

मी हसू दाबलं. पण ते नाकातून निघालं, आणि त्याने ते ऐकलं.

या पासवर्डचं श्रेय माझ्या बाबांना. बाबा, म्हणजे कमलाकरराव, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. कुणालाही काहीही सांगण्याआधी 'काहून', म्हणजे 'का', असं विचारायचं, ही तिथली सवय अंगात मुरलेली. वायफाय बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "साहेब, पासवर्ड काय ठेवू?" बाबा म्हणाले, "काहून?" त्याने तेच टाइप केलं. अक्षरं कमी पडली म्हणून पुढे एक-दोन-तीन जोडलं, आणि त्या दिवसापासून आमच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला आधी गोंधळ आणि मग इंटरनेट मिळत होतं.

"नाव काय तुमचं?"

"संघदीप. कृषी सहायक आहो. इथंच, मांगच्या गल्लीत रूम घेतली." त्याने मोबाइलवर नजर टाकली. "मॅडम... सरकता ना?"

मी सरकले. तो मोबाइलकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. एकेक फोटो चढत गेला तसा त्याच्या कपाळावरची आठी मोकळी होत गेली. शेवटचा चढला तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला. या वेळी नक्की माझ्याकडेच, कारण राउटरकडे बघून कुणी असं हसत नाही.

आमच्या घरचं वायफाय म्हणजे पाणपोई होती. आईचं म्हणणं असं की मागणाऱ्याला पाणी आणि पासवर्ड यांना नाही म्हणू नये. चुडीवाली आली, दिला. शेजारचे टेलर, त्यांना दिला. कुणाच्या घरी पाहुणे आले की त्यांनाही आमच्याकडेच पाठवायचे. मी एकदा म्हटलं, "आई, याच नेटवर माह्या गिऱ्हाइकाईचं काम असते." तर आई म्हणाली, "मंग? त्याईनं काय ते खाल्लं?"

मी तरी कुठली शहाणी. कॉम्प्युटरमधला फोटोंचा फोल्डर मोबाइलवर पटकन दिसावा म्हणून मी तो उघडाच ठेवला होता. आमच्या नेटवर जो आला त्याला तो दिसणार. पण घरातल्या घरात कोण बघणार, असं मला वाटे. घरात सगळी गल्ली बसली आहे हे लक्षातच आलं नाही.

संघदीप रोज येऊ लागला. दिवसभर शेतांत फिरायचा आणि दिवस कलताना दुकानासमोरच्या बाकावर बसून फोटो पाठवायचा. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही आणि तोही आला नाही. बाकावरून माझ्या टेबलापर्यंत बोलणं मात्र आरामात पोचत होतं.

"आज किती डंड्या?" मी विचारायची.

"तुमी बसल्या हाय तं पूर्ण."

"मंग मी काय दिवसभर बसूनच राहू?"

"नाई... मधात मधात उठत जा. एखादी डंडी गेली तं चालते मले."

असं काहीतरी बोलायचा आणि लगेच मोबाइलात डोकं घालायचा. मी पत्रिकेतल्या वधूचं नाव वराच्या जागी टाकून ठेवायची.

त्याने सांगितलं, पहिली नोकरी झरी जामणीकडे होती, जंगलातल्या गावांत. तिथे एका मोहाच्या झाडाखालीच रेंज यायची. सगळं गाव संध्याकाळी त्या झाडाखाली. कुणी जावयाशी भांडतंय, कुणी मुलाचा निकाल ऐकतंय, सगळं सगळ्यांसमोर. "त्या झाडाखाली कोणाचं काई लपून राहे नाई," तो म्हणाला. "तुमचं झाड बरं हाय. इथं आपलं आपलं बसता येते."

एकदा त्याने खिशातून सोयाबीनची शेंग काढली आणि उठून येऊन माझ्या तळहातावर ठेवली. पावसाने ती झाडावरच फुटली होती, आतून पांढरा कोंब बाहेर आलेला. "पाह्यलं? वाट नाई पाहू शकलं," तो म्हणाला. वाईट बातमी होती ती, कुणाच्या तरी वर्षाच्या मेहनतीची. पण त्याची बोटं माझ्या तळहाताला लागली होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. मला त्याचीही लाज वाटली.

आईला सगळं दिसत होतं. एके दिवशी भाजी निवडता निवडता तिने सहज विचारलं, "पोरगं चांगलं दिसते. आडनाव काय म्हनते?"

"खोब्रागडे."

"बरं," आई म्हणाली आणि मेथीची जुडी उचलून आत गेली.

त्या 'बरं'चा अर्थ मला कळत होता. पासवर्ड द्यायला तिने कधी कुणाचं आडनाव विचारलं नव्हतं.

दिवाळी झाली. पाऊस एकदाचा गेला, सकाळी अंगावर शाल लागायला लागली. आणि एका दुपारी समीक्षा दुकानात आली.

समीक्षा शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिचं लग्न फुलसावंगीच्या मुलाशी ठरलं होतं आणि त्या दोघांच्या लग्नाआधीच्या फोटोंचा अल्बम माझ्याकडे होता. तळ्याच्या काठी काढलेले फोटो. ती जीन्समध्ये, तो तिच्याकडे बघून हसतोय, बस्. पण हे फोटो काढलेत हे दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना माहीत नव्हतं.

तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात तिचाच फोटो होता, दहा हातांतून फिरून धूसर झालेला.

"व्हाट्सॲपवर फिरून राह्यले," ती म्हणाली. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "त्याच्या आजीपर्यंत गेले, रुपीबाईपर्यंत. त्या घरात तिचाच शबूद चालते. उद्या येऊन राह्यले ते लोकं, बोलाले."

"समीक्षा, मी कोणालेच—"

"फोटो तुह्याकडंच होते, मिताली. फोटोग्राफरनं तं कार्डासकट तुह्या हातात देले." तिने दाराबाहेर बघितलं. बाक रिकामा होता. "इथं बाहेर बसते तो कोण हाय? दिवसभर मोबाइलात असते. तुह्यंच नेट वापरते ना?"

"तो तसा नाई."

"तुले कसं माहीत?"

मला काय माहीत होतं? तो हसतो कसा ते माहीत होतं. चष्मा पुसताना त्याचे डोळे लहान होतात ते माहीत होतं. झरी जामणीतलं मोहाचं झाड माहीत होतं. पण तो मोबाइलात रोज काय बघत बसतो, हे मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं. आणि उघडा फोल्डर बाकावरून दोन बोटांच्या अंतरावर होता.

समीक्षा गेली. दुकानाचं नाव जाईल ही भीती होतीच. ज्या दुकानातून मुलींचे फोटो बाहेर जातात तिथे गावात कोण पाय ठेवतं? पण खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त लागलं ते दुकानाचं नाही. तो माझ्यासाठी येतो असं मी इतके दिवस मानून चालले होते. तो नेटसाठी येत असेल तर मी मूर्ख ठरले असते, तेवढं चाललं असतं. पण तो त्या फोटोंसाठी येत असेल, तर मग मला माणूस बघताच येत नाही असा त्याचा अर्थ होता.

रडत बसण्यापेक्षा काम केलेलं बरं. मी राउटर उघडायला बसले.

त्याच्या पाठीवर चिकटवलेला पत्ता कॉम्प्युटरवर टाकला. आत जायचं नाव 'ॲडमिन' आणि चावीही 'ॲडमिन'. म्हणजे पाणपोई तर उघडी होतीच, वरच्या टाकीलाही झाकण नव्हतं. ज्याच्या मनात येईल तो आत जाऊन सगळ्या घराचं नेट आपल्या नावावर करू शकला असता. आधी ती चावी बदलली. मग एक बटण बंद केलं, जे दाबलं की पासवर्डशिवायही जोडता येतं. राउटरला कित्येक दिवसांचं राहिलेलं नवं सॉफ्टवेअर दिलं. फोटोंच्या फोल्डरला कुलूप लावलं आणि कॉम्प्युटरवरून बाकी सगळ्यांना दिसणं बंद केलं. शेवटी राहिला वायफायचा पासवर्ड. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घेऊन मी एक लांबलचक पासवर्ड बनवला. कोणते शब्द ते सांगणार नाही, तेवढं शिकले.

पासवर्ड बदलायचं बटण दाबायच्या आधी मी बाहेर बघितलं. संघदीप येऊन बसला होता. मोबाइल हातात, अंगठा सावकाश वरखाली फिरत होता. मी बघतेय हे कळल्यावर त्याने मान वर केली आणि हसला. मी हसले नाही. नेट गेलं की आता हा उठून येईल आणि पासवर्ड मागेल. किंवा काही न बोलता निघून जाईल, आणि मग मला कळेल.

मी दाबलं. राउटरचे दिवे विझले, पुन्हा लागले.

पहिली हाक आतून आली. "मिताली, बातम्या बंद पडल्या व." बाबा. पाठोपाठ आई, तिचं कीर्तन मध्येच अडकलं होतं. मग टेलरकाका गळ्यात टेप तसाच लटकवून आले, त्यांना कुणाच्या तरी ब्लाउजचं डिझाइन बघायचं होतं. चुडीवाली टोपली दारात ठेवून म्हणाली, "माय, पोरीचा फोन लागता लागता तुटला." आमच्या नेटवर इतकी माणसं जगत होती हे मला त्या दिवशी कळलं. येणाऱ्या प्रत्येकाला जागा द्यायला संघदीप बाकावर थोडा थोडा सरकत होता आणि पुन्हा मोबाइलात बघत होता. तो काही उठला नाही.

आणि मग उकंडाकाका आले, हातात झारा तसाच.

"मिताली, टीव्ही बंद पडला ना पोरी."

"तुमचा टीव्ही आमच्या नेटवर चालते, काका?"

"हो ना. तुह्या आईनं देलता पासवर्ड, पोळ्याले. नवीन टीव्ही आनला तवाच." त्यांनी झारा दुसऱ्या हातात घेतला. "अन् तुह्यी जाहिरात बी बंद झाली."

"माही कोणती जाहिरात?"

"तेच ना, लगनाचे फोटो. टीव्हीत तुह्या दुकानाचं नाव येते, मिताली डिझाइन. ते दाबलं का एकामांगं एक फोटो चालू. लोकं तर्री-पोहे खात खात पाह्यतेत. तळ्याकाठचा तो जोडा तं समद्यायले पसंत पडला, काई काई जनाईनं मोबाइलात बी काढून नेला. मी म्हनलं, पोट्टी हुशार हाय, शेजाऱ्याच्या टीव्हीवर फुकटात जाहिरात करून राह्यली."

मी खाली बसले. सुदैवाने खाली खुर्ची होती.

माझ्या दुकानाच्या नावाचा कॉम्प्युटर, उघडा फोल्डर, समोरच्या हाटेलातला टीव्ही. आम्ही मुली त्या हाटेलात बसत नाही, चहा हवा असला तर मागवतो. म्हणून गावभर चाललेला तो सिनेमा फक्त मलाच दिसला नव्हता. कुणी चोर नव्हता. कुणी काही चोरलं नव्हतं. मला हसू आलं, आणि त्याच्यातच रडूही आलं, आणि दोन्ही थांबेनात.

उकंडाकाका घाबरले. "माह्यं काई चुकलं काय व?"

"नाई काका. तुमचं नाई, माह्यं चुकलं. मीच दार उघडं ठेवलं." मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. "त्या पोरीच्या घरी मी सोता जाऊन सांगतो," ते म्हणाले आणि झारा हातात घेऊनच चालायला लागले. मला मागून हाक मारून तो काढून घ्यावा लागला.

मग मी बाहेर आले. संघदीप अजून तिथेच होता.

"नेट बंद हाय," मी म्हटलं.

"कोणाचं?"

"आमचं. केव्हाचं."

"असं काय..." त्याने मोबाइलकडे बघितलं. "मले... समजलंच नाई."

"समद्या गल्लीले समजलं."

त्याने चष्मा काढला आणि पुसायला लागला. चष्मा अगदी कोरडा होता.

"नवीन सिम घेतलं मी," तो चष्म्याशी बोलल्यासारखा बोलला. "दिवाळीच्या आधीच. चांगली रेंज हाय त्याची. रूमवर बी येते. म्हणजे... रूमवर तं पूर्णच येते."

"मंग इथं कायले येता?"

समोरच्या हाटेलातून तेलात काहीतरी सोडल्याचा आवाज आला. बाकावर जागा होती, तरी मी उभीच होते.

"पंचनामे तं कवाचेच संपले, मिताली," तो म्हणाला. मॅडम न म्हणता माझं नाव त्याने पहिल्यांदा घेतलं होतं. "पण इथं बसलो का कोणी विचारत नाई, हा इथं कायले बसला. समद्यायले वाटते, नेटसाठी बसला. ते बरं पडे मले. तुमी दिसता. तुमी कोणावर तरी चिडून राहता, नाई तं एकट्याच हसून राहता. ते पाह्यलं का मंग... घरी गेल्यावानी वाटते."

मला खूप काही बोलायचं होतं. पण त्याआधी एक गोष्ट बोलायलाच हवी होती. ती न सांगता त्याचं हे ऐकून घेणं मला जमलं नसतं.

"मी तुमच्यावर शक घेतला," मी म्हटलं. "त्या पोरीचे फोटो बाहेर गेले ना, मले वाटलं, तुमी... आजच. दुपारी."

त्याचा हात थांबला. "किती वेळ वाटलं?"

"उकंडाकाका येईपर्यंत."

"नवीन माणसावर पयले शक येतेच. मले सवय हाय त्याची," तो म्हणाला. "पण तोंडावर कोणी सांगत नाई. तुमी सांगतलं, हे नवीन हाय."

"राग आला?"

"आला ना." त्याने चष्मा घातला. मग ओठांचा एक कोपरा हलला. "थोडा हाय. उद्यापर्यंत राहीन, मंग जाईन."

"मंग उद्या या," मी म्हटलं. "राग गेला का नाई ते मले पाहाचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षाचा फोन आला. मी नाव बघितलं आणि उचलायच्या आधी हात ओढणीला पुसला.

"आलते ते लोकं," ती म्हणाली.

"मंग?"

"रुपीबाई काई बोलेच ना. चहा घेतला, पान लावलं. मंग म्हणे, मोबाइलातले फोटो मोठे करून दाखवा, मले नीट दिसले नाई. दाखवले. लय वेळ पाह्यत राह्यली. अन् मंग म्हणे..." समीक्षाचा आवाज भरून आला होता की ती हसत होती, मला कळेना. "म्हणे, आमचा पोरगा लहानपणापासून घुम्या हाय. घरात कोणी त्याचे दात पाह्यले नाई. या पोरीजवळ तो हसून राह्यला. लगनाची तारीख अलीकडं घ्या."

मी फोन कानाला धरून भिंतीला टेकले. छातीवर ठेवलेलं पोतं कुणीतरी उचलून नेलं होतं.

"अन् मिताली," समीक्षा म्हणाली, "एक मोठा फोटो करून दे. रुपीबाईले पाह्यजे. पण पासवर्ड लावून ठेव बाई आता."

दुकान वाचलं. राहिली ती आई. नेट बंद केल्याचं तिला फार लागलं होतं. टेलरकाका आल्यापावली परत गेले होते, चुडीवालीने तर तोंड फिरवलं होतं. "लोकं काय म्हनतीन," ती सारखी म्हणत होती. "आपल्या दारातून मानूस रिकाम्या हाती कधी गेला नाई."

तिला राउटरची भाषा कळली नसती. मी म्हटलं, "आई, पाव्हणे आले का आपण कुठं बसवतो?"

"ओसरीत."

"एकदम माजघरात नेतो काय? देवाजवळ, दागिन्याच्या डब्याजवळ?"

"मी काय येडी हाओ काय?"

"बस् मंग. एकाच डब्ब्यातून दोन नेट निघतेत. एक माजघर, आपलं, माह्या कॉम्प्युटरचं. एक ओसरी, पाव्हण्याईचं. ओसरीत बसलेल्याले माजघर दिसत नाई. ओसरीचा पासवर्ड तू कोणालेबी दे."

आईने विचार केला आणि मान डोलावली. मी पाहुण्यांच्या नेटवर्कला खरंच 'ओसरी' नाव दिलं, नवा पासवर्ड ठेवला, आणि आईने दुपारपर्यंत तो सगळ्या गल्लीत वाटून टाकला. उकंडाकाकांना दिलाच, वर म्हणाली, आता बातम्या लावा, फोटो नको. ती इतकी खूश होती की जणू मुलीचं बारसंच होतं.

दिवस कलताना संघदीप आला. नेहमीसारखा बाकावर बसला. इस्त्रीचा शर्ट होता, आणि मोबाइल खिशातच होता.

"राग?" मी आतून विचारलं.

"रस्त्यात पडला कुठंतरी."

आई चहा घेऊन बाहेर आली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अवं, समद्या गल्लीले ओसरी उघडी केली," ती मला म्हणाली, "अन् या पोराले पासवर्ड देल्ला का नाई?"

"नाई देला. देणार बी नाई."

"असं कसं? तो तं पयलेपासून येते."

"म्हणूनच." माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. आत बाबांनी वर्तमानपत्र खाली केल्याचं मला ऐकू आलं, पण आता मागे फिरायचं नव्हतं. "याईले पासवर्ड देला, अन् मंग हे येत राह्यले, तं मले कसं समजन हे कायच्यासाठी येऊन राह्यले?"

संघदीप बाकावरून उठून उभा राहिला. बसून ऐकायची ही गोष्ट नाही असं त्याला वाटलं असावं. आईने त्याच्याकडे बघितलं, चांगलं निरखून, चेहऱ्यापासून काळ्या मातीच्या बुटांपर्यंत. मला ते 'बरं' आठवलं.

"मंग बाहीर बसवून कसं समजन तुले?" आई म्हणाली. "अंदर बसव त्याले."

तिने चहा आत नेला आणि बाबांच्या शेजारच्या टेबलावर ठेवला. संघदीपने दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. त्याला त्या पटकन सुटत नव्हत्या. मी थांबले, आणि मग आम्ही दोघं आत गेलो.